गाडीतला जुना कॅसेट प्लेअर भंगारात टाकायच्या आधी हे करून बघा

साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट चढत होतो आणि कुठून बुद्धी झाली माहीत नाही, ग्लोव्ह बॉक्समधली आत्याची भोंडल्याची कॅसेट काढून मी गाडीच्या प्लेअरमध्ये सारली. गाडी बाबांची, ९७ची मारुती ८००, प्लेअर त्यातलाच जुना, आणि तो शेवटचा कधी वाजला होता हे घरात कोणालाच सांगता आलं नसतं. दहा सेकंद वाजलं. वाड्यातल्या सगळ्या बायका झोपेत गातायत असा आवाज, मग घर्र, मग काहीच नाही. इजेक्ट दाबलं तर कॅसेट बाहेर आली पण टेप आतच अडकलेली, शेवयांसारखी मागनं लांबत येतेय. आणि मी काय केलं, तर ओढली.

दोन हात टेप चुरगळून तुटून गेली. कॅसेटमधली टेप सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर पळते, म्हणजे दोन हात म्हणजे साधारण १९ सेकंद. आत्याला सांगितलं तर म्हणाली, "मेल्या, नेमकं खिरापत ओळखायचं तेवढंच तोडलंस की!"

त्यानंतर मी हट्टाला पेटून चार प्लेअर उघडले, त्यातला एक कायमचा मारला, तीन वाजतायत. इलेक्ट्रॉनिक्स मला येत नाही, तुम्हालाही येत नसलं तरी अडत नाही, कारण हे प्लेअर बंद पडतात ते बहुतेक वेळा दोनच गोष्टींनी, घाण आणि म्हातारं झालेलं रबर. सर्किटाचा नंबर फार नंतर लागतो. फक्त एक नियम आत्ताच पाठ करा: जुना प्लेअर पहिल्यांदा चालू करताना त्यात अशी कॅसेट घाला जी गेली तरी डोळ्यात पाणी येणार नाही. रस्त्यावर किलोच्या भावाने मिळणारी कुठलीही. मी हे केलं असतं तर हा लेख लिहायची वेळच आली नसती.

आत नेमकं काय चालतं

हे दोन मिनिटं वाचा, नाहीतर पुढचं सगळं आंधळी कोशिंबीर होईल. कॅसेट आत गेली की तिच्या दोन चक्रांमध्ये दोन दातेरी खुंट्या जातात, त्या टेप गुंडाळायचं काम करतात. पण टेप ओढायचं काम त्या करत नाहीत, ते काम एका बारीक चकचकीत पोलादी दांडीचं, तिला कॅपस्टन म्हणतात, आणि तिच्यावर दाबून बसणाऱ्या काळ्या रबरी चाकाचं, त्याला पिंच रोलर म्हणतात. दोघांच्या चिमटीतून टेप एकसारख्या वेगाने सरकते, मधे हेडला, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, घासून जाते, आणि पुढे गुंडाळणारं चक्र ती सरकलेली टेप लगेच उचलून घेतं.

आता हे गुंडाळणारं चक्र जर आळशी झालं, म्हणजे मोटरचा रबरी बेल्ट ढिला पडला किंवा ग्रीस वाळून मेण झालं, तर काय होणार? कॅपस्टन टेप पुढे ढकलतोच आहे आणि उचलणारं कोणी नाही. मग ती टेप रोलरभोवती गुंडाळायला लागते. यालाच आपण "प्लेअरने कॅसेट खाल्ली" म्हणतो. लोकं हेडला शिव्या घालतात, बिचाऱ्याचा काही संबंध नसतो. रोलरवर चिकट थर असेल तर हेच अजून लवकर होतं कारण टेप त्याला चिकटते.

गाडीतले बरेचसे प्लेअर ऑटो रिव्हर्सवाले असतात, बाजू संपली की आपोआप उलटे वाजतात. त्यात कॅपस्टन दोन आणि रोलरपण दोन, हेडच्या डावीकडे एक उजवीकडे एक. एकच साफ करून "अजून खराबच वाजतंय" म्हणणारे खूप आहेत. मी पण होतो.

सामान काय लागेल

आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्केवालं. दुकानात आयपीए म्हणा, मोबाईल रिपेअरिंगचं सामान विकणारे सगळे ओळखतात, पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, नाहीतर ऑनलाइन. लॉकडाऊनमधलं उरलेलं सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी असतं आणि हात मऊ राहावे म्हणून ग्लिसरीनसारखं काहीतरी घातलेलं असतं, तो चिकटा हेडवर बसतो. नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबात नको, त्यातलं अ‍ॅसिटोन प्लास्टिक खातं. केमिस्टकडचं सर्जिकल स्पिरीट पण टाळा, त्यात कधीकधी तेल मिसळलेलं असतं.

बाकी इअरबड्स, चिमटा, टॉर्च, बारीक फुलीचा स्क्रूड्रायव्हर (टोक लोहचुंबक असलेला नको, कारण पुढे सांगतो), शिवणमशीनचं तेल, पांढरं लिथियम ग्रीस एक छोटी ट्यूब, आणि स्क्रू ठेवायला इडलीपात्र. हसू नका. एकेका खळग्यात एकेका पायरीचे स्क्रू टाकत गेलं की परत बसवताना उलट्या क्रमाने उचलायचे, बस. फक्त घरच्यांना विचारून घ्या आणि नंतर नीट घासून ठेवा.

पायरी १: काही न उघडता दुखणं ओळखा

आधी रेडिओ लावा. रेडिओ चारही स्पीकरवर नीट वाजला तर अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर, वायरिंग सगळं ठीक आहे आणि भानगड फक्त टेपच्या भागात आहे. इथेच अर्धी काळजी मिटते.

मग ती किलोवाली कॅसेट घाला, दहा सेकंद वाजवा, इजेक्ट करा आणि टेप बघा. कॅसेटच्या उघड्या बाजूला टेप ताठ असेल तर गुंडाळणी ठीक आहे. सैल लूप लोंबत असेल तर थांबा, अजून वाजवू नका, पुढच्या वेळी खाणार आहे हे नक्की.

आवाजावरून बरंच कळतं. गोधडीतून आल्यासारखा दबका आवाज, झांजा-टाळ ऐकूच येत नाहीत, म्हणजे हेड घाण झालंय. एक बाजू बारीक, एक मोठी, तरीपण बहुतेक हेडच घाण, फार तर हेडची एखादी वायर सुटलेली. आवाज डुलतोय, स्वर धरून ठेवला तर पाण्यात हलल्यासारखा वाटतो, तर रोलर किंवा बेल्ट. गाणं चालू असताना मागे बारीक आवाजात कोणीतरी उलटं बोलतंय असं वाटलं तर भूत नाही, हेड थोडं वर-खाली सरकलंय आणि दुसऱ्या बाजूचा ट्रॅक पण वाचतंय, ३.८१ मिलीमीटरच्या टेपवर दोन्ही बाजूंचे मिळून चार ट्रॅक असतात त्यामुळे जरा सरकलं तरी शेजारचं ऐकू येतं. आणि ऑटो रिव्हर्स दर दोन सेकंदाला खटक-खटक बाजू बदलत असेल तर प्लेअरला वाटतंय की टेप संपली, कारण चक्र फिरत नाहीये. परत बेल्ट किंवा वाळलेलं ग्रीस.

पायरी २: ओली क्लीनिंग कॅसेट

दिसायला कॅसेटसारखीच, आत टेपच्या जागी फेल्टचे तुकडे असतात. त्यावर दोन-तीन थेंब आयपीए टाकायचं, प्लेअरमध्ये घालायची, पंधरा-वीस सेकंद चालू द्यायची, काढायची. फेल्टवर चहासारखा तपकिरी डाग आला म्हणजे काम होतंय. तो रंग म्हणजे टेपवरून झडलेलं आयर्न ऑक्साईड, वर्षानुवर्षं साठलेलं. दोन-तीनदा करा, मधे दहा मिनिटं वाळू द्या. कोरड्या खरखरीत टेपवाल्या क्लीनिंग कॅसेटपण मिळतात, त्या घासून साफ करतात, म्हणजे घाणीबरोबर हेडपण थोडं थोडं घासतात. मी घेत नाही.

नुसता आवाज दबका होता आणि आता खुलला, तर इथेच थांबा. खरंच सांगतो. ज्याला उघडायची गरज नाही ते उघडू नका, मी मारलेला तो एक प्लेअर चांगला वाजत होता, "आता उघडून पूर्णच साफ करू" म्हणून उघडला होता.

फटीतून टॉर्च मारून इअरबड आत घालायचा मोह होईल. काही मॉडेलमध्ये रोलरपर्यंत पोचतो पण कापूस आत सुटला तर आणखी व्याप. काहीजण विझलेल्या उदबत्तीच्या काडीला कापूस वळून आत घालतात, लांबीला बरी पडते, पण कापूस दोऱ्याने घट्ट बांधा आणि गाडी बंद असतानाच करा.

पायरी ३: प्लेअर बाहेर काढणं

आधी बॉनेट उघडून बॅटरीची मायनसची क्लिप सोडा, बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. त्याआधी एक बघा, तुमचा प्लेअर कोड मागणारा आहे का. काही कंपनी फिटेड प्लेअर वीज तुटली की चोरीला गेलोय असं समजून कोड मागतात, तो कोड गाडीच्या कागदपत्रात असतो, नसला तर आधी शोधा. रेडिओची स्टेशनं आणि घड्याळ तर जाणारच.

प्लेअरचं तोंड साधारण १८० बाय ५० मिलीमीटरचं असतं, सिंगल डिन म्हणतात ते. तो एका पत्र्याच्या चौकटीत बसवलेला असतो आणि दोन्ही बाजूच्या क्लिपा त्याला धरून ठेवतात. समोरची प्लास्टिकची कड काढली की दोन्ही बाजूला उभ्या बारीक फटी दिसतील. त्यात दोन चपट्या किल्ल्या जातात. त्या किल्ल्या कोणाकडेच शिल्लक नसतात. तुटक्या हॅकसॉ ब्लेडचे दात घासून केलेल्या दोन पट्ट्या माझ्याकडे आहेत, त्याच वापरतो. पट्ट्या दोन्ही बाजूला घाला, जरा बाहेरच्या बाजूला दाबा आणि प्लेअर सरळ ओढा. येत नसेल तर मागे एक बोल्ट किंवा पत्र्याची पट्टी असते ती सोडायला लागेल. स्क्रूड्रायव्हरने डॅशबोर्ड उचकटू नका, जुनं प्लास्टिक वेफरसारखं तुटतं.

आता मागचं वायरिंग बघाल तेव्हा देव आठवेल. मारुती ८०० सारख्या गाड्यांमध्ये प्लेअर बहुधा बाहेरच्या अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात बसवलेला असायचा आणि तिथल्या पोराने वायरी नुसत्या पिळून वर काळी टेप गुंडाळलेली असते. पंचवीस उन्हाळ्यांनी त्या टेपचा गोंद वितळून सगळा गुंता झालेला असतो. सोडवायच्या आधी फोटो काढा, चारही बाजूंनी, आणि प्रत्येक जोडाला कागदी चिकटपट्टी लावून नाव लिहा. बाहेरून घेतलेल्या बहुतेक प्लेअरवर पिवळी वायर म्हणजे कायमची १२ व्होल्ट, लाल म्हणजे चावीवरची, काळी अर्थिंग. पांढरी-करडी पुढच्या स्पीकरांची, हिरवी-जांभळी मागच्या, काळ्या रेघेवाली मायनस. पण फिटरने हातात आली ती वायर लावलेली असू शकते, म्हणून रंगापेक्षा फोटोवर विश्वास ठेवा. स्पीकरची मायनस वायर गाडीच्या पत्र्याला कधीही लावू नका, अ‍ॅम्प्लिफायरची आयसी, म्हणजे चिप, उडू शकते. मी मारला तो असाच.

घरी टेबलवर चालवून बघायला १२ व्होल्टचा, दोन-तीन अँपियरचा अडॅप्टर पुरतो. पिवळी आणि लाल एकत्र करून प्लसला, काळी मायनसला, आणि कुठलातरी जुना स्पीकर.

पायरी ४: झाकण काढा आणि पुसायला बसा

वरचा पत्रा चार-सहा स्क्रूंवर किंवा खटक्यांवर असतो. काढला की टेपचा भाग समोरच दिसतो. पहिल्यांदा काही हात न लावता फोटो. मग ब्रशने धूळ. मला एकात पाच रुपयाचं जुनं नाणं, दोन मुंग्या आणि बडीशेप सापडली होती, पोरांना त्या फटीचं फार आकर्षण असतं.

हेड म्हणजे मधला चकचकीत धातूचा छोटा ठोकळा. इअरबड आयपीएत बुडवा, निथळू द्या, थेंब गळायला नको, आणि टेप जशी धावते त्या दिशेने हलक्या हाताने पुसा. बड काळा-तपकिरी होईल. टाका, नवीन घ्या. पांढरा बड पांढराच परत येईपर्यंत हे चालू ठेवा, मला पहिल्या वेळी अकरा लागले. घाण कितीही घट्ट दिसली तरी हेडला नख, स्क्रूड्रायव्हर, ब्लेड काही लावायचं नाही, ओला बड अर्धा मिनिट टेकवून ठेवा, सुटते. लोहचुंबकाचा स्क्रूड्रायव्हर हेडजवळ न्यायचा नाही, हेडमध्ये चुंबकत्व उतरतं आणि मग ते प्रत्येक कॅसेटवरचे तीव्र स्वर हळूहळू पुसत जातं. हे आधीच झालं असेल, सतत खसखस ऐकू येत असेल, तर डीमॅग्नेटायझर नावाचं कॅसेटच्या आकाराचं यंत्र मिळतं, ते वर्षातून एकदा बास, आणि तेव्हा खऱ्या कॅसेटी दुसऱ्या खोलीत ठेवा.

कॅपस्टनवर ओला बड टेकवा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने खालचं जड चाक फिरवा. मोटर चालू करून करू नका, कापूस दांडीला गुंडाळतो. इथे एक गंमत आहे, कॅपस्टनवर थर साठला की दांडी जाड होते आणि गाणं किंचित जलद वाजतं. केसाएवढ्या थराने फरक पडतो कारण दांडीच मुळात दोन-तीन मिलीमीटरची.

आणि आता रोलर. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. चांगला रोलर मंद काळा, मॅट दिसतो. खराब झालेला आरशासारखा चमकतो, त्यावर मधोमध तपकिरी पट्टा. बड किंचितच ओला ठेवा, रोलर बोटाने फिरवत सगळीकडून पुसा आणि लगेच कोरड्या कापडाने टिपा, अल्कोहोल रबरात मुरू द्यायचं नाही नाहीतर ते कडक होतं. काहीजण भांड्याच्या साबणाचं पाणी वापरतात, तेही चालतं, वेळ लागतो एवढंच. पॉलिश पेपरने घासून चमक घालवायची युक्ती ऐकली असेल, मी करत नाही, गोल चाक जरासं लंबगोल झालं की आवाज कायमचा डुलतो. भेगा पडल्या असतील किंवा नख दाबल्यावर दबत नसेल तर रोलर बदला, व्यास आणि जाडी मोजून ऑनलाइन मिळतो.

पुसून झालं की पाच मिनिटं वाळू द्या आणि किलोवाली कॅसेट लावा. बऱ्याच प्लेअरचं काम इथेच होतं.

पायरी ५: बेल्ट

मोटरपासून जड चाकापर्यंत एक पातळ रबरी बेल्ट असतो, काहीत दोन. तो बघायला टेपचा सगळा भाग मुख्य पत्र्यावरून उचलून उलटा करावा लागतो, हेडच्या बारीक वायरी ताणू नका. जुना बेल्ट तीन अवस्थांत सापडतो: ढिला, कडक होऊन तडकलेला, किंवा डांबर. हे डांबर म्हणजे खरंच डांबर, रबर विरघळून काळा चिकट लगदा होतो, पुलीवर, चाकावर, बोटांवर, तिथनं शर्टावर. हातमोजे घाला. दोन दिवस माझी नखं काळी होती आणि ऑफिसात गॅरेज टाकलंस का म्हणून विचारलं. आयपीए आणि जुनं बनियन, एवढाच उपाय, आणि शेवटचा ठिपका निघेपर्यंत पुसायचं कारण उरलेला लगदा नवा बेल्ट घसरवतो.

माप कसं घ्यायचं? बेल्ट शाबूत असेल तर सपाट दाबून लांबी मोजा, दुप्पट करा, आणि त्यातून पाच टक्के कमी करा कारण तो ताणला गेलेला आहे. डांबर झाला असेल तर शिवायचा दोरा पुल्यांवरून बेल्टच्या वाटेने फिरवा, मोजा, पाच-सहा टक्के कमी. चौकोनी की चपटा हेही बघा, आणि जाडी. सुटा एक बेल्ट शोधण्यापेक्षा वेगवेगळ्या मापांचं पाकीट स्वस्त पडतं. फार घट्ट बसवलात तर मोटर दमते आणि आवाज थरथरतो, रबरबँड लावून "तात्पुरतं" चालवणारेही आहेत, त्यांच्याबद्दल बोलायचं नाही. नवा बेल्ट आधी आयपीएने एकदा पुसून घ्या, त्यावर पावडर असते.

एखाद्या प्लास्टिकच्या गिअरचा दात तुटला असेल तर मात्र चिकटवून उपयोग नाही. तसाच दुसरा मेलेला प्लेअर शोधायचा आणि त्यातला गिअर काढायचा. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे फिरा. तिथल्या एका काकांनी मला विचारलं, "चालणारा पाहिजे की मेलेला?" मी म्हटलं मेलेला, तर म्हणाले, "मग भाव जास्त, मेलेलेच सगळे मागतात."

तेल आणि ग्रीस, म्हणजे जिथे सगळे माती खातात

कॅसेट आत ओढली जात नाही, इजेक्ट अर्ध्यात अडकतं, हे सरकणाऱ्या पट्ट्यांवरच्या वाळलेल्या ग्रीसमुळे. जुनं मेणासारखं ग्रीस आयपीएने पूर्ण काढा, मग पांढरं ग्रीस तीळभर, काडीने पसरवून. कॅपस्टन ज्या छिद्रात फिरतो तिथे शिवणमशीनच्या तेलाचा एकच थेंब, तोही सुईच्या टोकावरून. वर ओघळलेलं लगेच पुसा. तेल रोलरला किंवा बेल्टला लागलं की सगळी मेहनत वाया. खोबरेल तेल नको, थंडीत गोठतं. गंज सोडवायचा स्प्रे तर आत मारूच नका, तो सगळीकडे पसरतो आणि रबराची वाट लावतो.

स्क्रू दिसला म्हणून पिळू नका

हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, बहुधा त्यावर रंगाचा ठिपका. तो हेडचा कोन बदलतो, अझिमथ म्हणतात. मोटरच्या मागच्या छिद्रातला स्क्रू वेग बदलतो. दोन्ही कारखान्यात लावलेले असतात. सगळं साफ करून, रोलर-बेल्ट नवे करूनही आवाज दबकाच असेल तरच पहिल्याला हात लावा, आधी त्याची जागा मार्करने खूण करून, कंपनीने रेकॉर्ड करून विकलेल्या चांगल्या कॅसेटवर, आणि पाव फेऱ्याच्या आत. टाळांचा आवाज सगळ्यात कुरकुरीत येईल तिथे सोडा. वेगासाठी तेच गाणं मोबाईलवर एकाच वेळी लावायचं आणि जुळवायचं. मी एकदा वेगाचा स्क्रू आधी पिळला आणि नंतर लक्षात आलं की बेल्टच ढिला होता, मग नवा बेल्ट लावल्यावर सगळे गायक उंदरांसारखे.

बसवताना मागचा बोल्ट नक्की लावा, तो नसेल तर खड्ड्यात प्लेअर हादरतो आणि आवाज उडतो. वायरींना पिळून टेप नको, निदान छोटे कनेक्टर तरी वापरा.

कॅसेटनेही साथ द्यायला हवी

प्लेअर कितीही चकाचक करा, बुरशी आलेली कॅसेट घातली की पहिल्या मिनिटात परत घाण. कोकणातल्या घरातनं आलेल्या कॅसेटी उजेडात धरून बघा, टेपच्या थप्पीवर पांढरे ठिपके किंवा जाळी दिसली तर ती गाडीत नाही लावायची. उघड्या बाजूला मधे फेल्टचा छोटा तुकडा असतो, तो टेप हेडवर दाबतो, जुन्या कॅसेटमध्ये त्याचा गोंद सुटून तो पडलेला असतो, मग कितीही साफ हेड असलं तरी आवाज दबकाच. लावायच्या आधी सहा बाजूंची साधी पेन्सिल चक्रात घालून एकदा ताण काढा. वर्षानुवर्षं पडून असलेली असेल तर एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे फिरवून घ्या. आणि १२० मिनिटांची कॅसेट गाडीत नकोच, तिची टेप इतकी पातळ असते की रोलरला तीच आधी आवडते.

खाल्लीच तर ओढू नका. बॅटरी काढा, प्लेअर बाहेर, झाकण काढून रोलरचं चाक हाताने उलटं फिरवत टेप सोडवा.

रोजच्या सवयी दोनच सांगतो. गाडी बंद करायच्या आधी कॅसेट बाहेर काढा, कारण काही प्लेअरमध्ये चावी बंद केली तरी रोलर दांडीवर दाबलेलाच राहतो आणि रबराला खळगा पडतो. आणि कॅसेट डॅशबोर्डवर ठेवू नका, मे महिन्यात काच बंद गाडीत तिचा पापड होतो. महिन्यातून एकदा ओली क्लीनिंग कॅसेट, पावसाळ्यात बुटांच्या खोक्यातली सिलिकाची पुडी कॅसेटच्या डब्यात.

आत्याच्या कॅसेटचं सांगायचं राहिलं. तिला पाच स्क्रू होते म्हणून उघडता आली, चिकटवलेली असती तर कवच फोडून टेप दुसऱ्यात घालायला लागली असती. चुरगळलेला भाग कापून टाकला, दोन्ही टोकं तिरपी कापून एकमेकांना टेकवली, एकावर एक न चढवता, आणि हेडला लागत नाही त्या आतल्या बाजूने जोडायची खास पट्टी लावली. साधी चिकटपट्टी लावली तर गोंद बाहेर पाझरून पुढचा थर चिकटतो. आता भोंडला वाजतो, शेवटचं गाणं संपत येतं, बायकांचा गलका सुरू होतो, खिरापत काय खिरापत काय, आणि एकदम कोणीतरी "हरलात!" म्हणून ओरडतं. आत्या म्हणते ते भडंग होतं. माझी आई म्हणते खोबऱ्याची वडी.